बांधलेलं इंजिन: पहिली वीस मिनिटं, पहिले पन्नास किलोमीटर आणि तीन वेळचं ऑइल

इंजिन बांधून (म्हणजे उघडून, घिसलेले भाग बदलून) गाडी ताब्यात देताना नागपुरातला मिस्त्री दोन गोष्टी हमखास सांगतो. "भाऊ, आज दोन-तीन तास गाडी स्टार्टच राहू द्या," आणि "हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." ऑइलचं विचारलं तर "हजारावर बदलून टाकू" म्हणतो. सांगणं काळजीपोटीच असतं, पण यातली एकही गोष्ट पिस्टनच्या नव्या रिंगांच्या किंवा बेरिंगच्या सोयीची नाही. नव्या इंजिनाला उभ्या उभ्या चालणं मानवत नाही, त्याला लोड लागतो. आणि पहिलं ऑइल हे वंगण कमी, इंजिन आतून धुऊन काढायचं पाणी जास्त. ते हजार किलोमीटर फिरवत ठेवायचं कारण नाही.

खाली लिहिलंय ते मारुती ८०० च्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनावर केलेलं काम आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचं भोक) ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. ०.५० ओव्हरसाइझला बोअर मारला, पिस्टन-रिंगा नव्या, मेन आणि कनेक्टिंग बेरिंग नवी, ऑइल पंप नवा, व्हॉल्व्ह घासून सील बदलले, टाइमिंग बेल्ट आणि वॉटर बॉडीही (पाण्याचा पंप) त्याच वेळी. झेन, ओम्नी, ऑल्टो किंवा इतर कुठल्याही पेट्रोल गाडीला आकडे थोडे बदलतील, रीत तीच.

रनिंगची, म्हणजे नवे भाग चालवून एकमेकांना लागू देण्याची, तयारी इंजिन जुळवण्याआधीच सुरू होते. ब्लॉक लेथवरून आला की उन्हात तिरका धरून बोअर बघायचा. होनिंगच्या (दगडाने बोअर घासण्याच्या) एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत, त्यांच्यातला कोन साधारण ४५ ते ६० अंशांचा. बोअर आरशासारखा चकचकीत असेल तर ब्लॉक परत पाठवा. होन न मारता नुसत्या बोरिंगवर काम उरकलेलं असतं किंवा घिसलेले दगड वापरलेले असतात. पाट्याला टाकी लावतात तसंच हे काम आहे: रेघांच्या खाचांत ऑइल थांबतं आणि त्यांची टोकं रिंगेला घासून रिंग बोअरच्या अंगाची करतात. ही टोकं एकदाच असतात. ती रिंग बसवण्यात खर्ची पडली तर इंजिन लागलं. ऑइल जळून वर काचेसारखा थर बसला तर ती संधी गेली.

होनिंगनंतर ब्लॉक डिझेलने किंवा पेट्रोलने धुतात, तेवढं पुरत नाही. पेट्रोल दगडाची बारीक पूड इकडून तिकडे नेतं, रेघांतून उचलत नाही. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि नायलॉनचा ब्रश घेऊन बोअर घासायचा, पाण्याने धुवायचा, हवा मारून लगेच वाळवायचा आणि इंजिन ऑइलमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या सुती कापडाने पुसायचा. कापडावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुणं. आपल्याकडे दमट हवेत बिडावर पाच-दहा मिनिटांत गंज धरायला लागतो, म्हणून धुणं आणि ऑइल लावणं यांच्यात चहाला जाऊ नये.

रिंगांची गॅप तपासल्याशिवाय बसवू नका. "सेटमध्ये बरोबरच येते" हे नेहमी खरं नसतं. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि फीलर गेज घालायचा. ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचाला चार थाउ (इंचाचे हजारावे भाग). ६९ मिमीच्या बोअरला वरच्या रिंगेची गॅप पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. नागपूरच्या उन्हात ही गॅप कमी ठेवणं महागात पडतं. रिंग तापून फुगली, टोकाला टोक भिडलं की बोअर ओरखडलाच. रिंगेवर अक्षर कोरलेलं असतं ती बाजू वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खरवडून खाली न आणता वर चढवते, आणि मग कितीही नीट रनिंग केलं तरी धूर जात नाही. असं इंजिन "रिंगा बसल्या नाहीत" म्हणून बदनाम होतं.

ऑइल कोणतं? साधं मिनरल, २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४०, डब्यावर एपीआयचा दर्जा एसएल, एसएम किंवा एसएन. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटेही पारा आठ-दहाच्या खाली फारसा जात नाही, म्हणून सकाळी जाड ऑइल चढत नाही ही भीती इथे लागू नाही. मिनरलचं दुसरं कारण म्हणजे या इंजिनाचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रॉकरच्या पॅडवर घासत चालतो, रोलर नाहीत. नवा कॅम-रॉकर एकमेकांना लागेपर्यंत ऑइलमधला जस्त-फॉस्फरसचा थर त्यांना सांभाळतो. नव्या एपीआय दर्जाच्या पातळ ऑइलांत, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरेत, फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती लागू नाही. वरून कसलंही अ‍ॅडिटिव्ह घालायचं नाही. "घर्षण कमी करतं" असं ज्या डबीवर लिहिलंय ती तर मुळीच नको. आत्ता थोडं घर्षण हवंच आहे.

सिंथेटिकवर नेहमी वाद होतो. नव्या कोऱ्या गाड्या कारखान्यातून सिंथेटिक घेऊनच निघतात, मग इथे का नको? कारखान्यात होनिंगची टोकं आधीच घासून सपाट केलेली असतात, रिंगेला बसायला फार काम उरत नाही. आपल्या लेथवर तो शेवटचा हात फिरवतीलच असं नाही. उरलेलं काम इंजिनालाच करायचं असतं, त्यात निसरडं ऑइल आड येतं.

ऑइल फिल्टर एकदम तीन घेऊन ठेवा. घाट रोडला गेलात तर एकाच नावाचे दोन किमतींचे फिल्टर समोर ठेवतील. स्वस्तातला हातात घेऊन तोंडातून आत बघा. भोकांच्या आत रबराची झडप असते, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरू न देणारी. नकली मालात ती कडक प्लास्टिकची असते किंवा नसतेच, आणि रोज सकाळी दोन-तीन सेकंद बेरिंग कोरडं फिरतं. एअर फिल्टरही नवाच हवा. शहरात सिमेंट रस्त्यांची कामं सुरूच असतात. ती धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली तर नव्या रिंगांना पॉलिश पेपर लावल्यासारखंच आहे.

आता पहिली स्टार्ट. या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो, त्यामुळे जुन्या इंजिनांसारखा ड्रिल मशीन लावून पंप बाहेरून फिरवता येत नाही. स्टार्टरच वापरावा लागतो. पंप बसवतानाच त्याच्या गिअरांत पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो हवा न खेचता ऑइल खेचतो. जेली नंतर ऑइलमध्ये विरघळून जाते. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही आणि गाळणीत अडकतं. फिल्टरमध्ये निम्मं ऑइल ओतून, त्याच्या रबराला बोटाने ऑइल लावून, हाताने बसवायचा. रबर टेकल्यावर पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकवर चिकटून राहिलंय का ते आधी बघा. दोन रबरं एकावर एक आली तर पहिल्या रेसलाच ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं.

चेंबरमध्ये फिल्टर धरून पावणेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. आकड्यावर न जाता पट्टी बघून, वरच्या खुणेपर्यंत भरा. तिन्ही प्लग काढा, पेट्रोल पंपाचा रिले आणि कॉइलचं कनेक्टर काढा. हे विसरून सेल्फ मारत बसलं तर न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुतं आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं. दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती. ऑइलचा लाइट विझेपर्यंत. लाइट विझला की आणखी दोनदा, कारण लाइटचा स्विच अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आतच बंद होतो. लाइट विझला म्हणजे प्रेशर भरपूर आहे असं नव्हे, शून्य नाही इतकंच. शक्य असेल तर स्विचच्या जागी गेज लावा. टॅपेट कव्हरचं झाकण उघडून ऑइल वर रॉकरपर्यंत पोहोचल्याचं डोळ्यांनी बघितलं की खात्री. नाही पोहोचलं तर थांबा. स्टार्ट करून बघू, हा इथे उपाय नाही.

कूलंट तयार मिश्रणाचं घ्यायचं किंवा डिस्टिल्ड पाण्यात करायचं. इकडचं बोअरवेलचं पाणी जड, रेडिएटरमध्ये क्षार धरतं. हीटरचा कॉक उघडा ठेवून, रेडिएटरच्या तोंडापर्यंत हळूहळू भरायचं, वरचा पाइप दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पहिल्या वीस मिनिटांत इंजिन गरम होण्याचं सगळ्यांत सामान्य कारण आत अडकलेली हवा हेच असतं.

इग्निशन टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्ह-रॉकरमधली गॅप) आधीच जवळपास बरोबर लावून ठेवायचे, म्हणजे इंजिन एका-दोन सेल्फमध्ये घेतं. घेतल्या घेतल्या आयडलवर न सोडता रेस १५०० ते २००० च्या दरम्यान धरा. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून टॅकोमीटर जोडा किंवा मिस्त्रीच्या कानावर विसंबा. आयडलवर ऑइलचं प्रेशर सर्वांत कमी, क्रँकवरून उडणारं ऑइल सर्वांत कमी, आणि बोअर-कॅम तर त्या उडणाऱ्या ऑइलवरच जगतात. रेस एका जागी खिळवून न ठेवता हळूहळू वरखाली करत राहायचं.

या वेळी माणसं दोन हवीत. एक गाडीत, गेज आणि तापमानाचा काटा बघायला. दुसरा टॉर्च घेऊन खाली, फिल्टर, चेंबरचा नट, क्रँक सील, पाण्याचे पाइप बघायला. थोडा धूर निघणारच: बांधताना सिलिंडरमध्ये लावलेलं ऑइल सायलेन्सरमधून, आणि हाताचं ऑइल-ग्रीस गरम मॅनिफोल्डवरून. दहा मिनिटांत कमी व्हायला हवा. मॅनिफोल्ड लाल दिसू लागला तर टायमिंग मागे आहे, इंजिन बंद करा. खडखड, टकटक ऐकू आली तरी बंद. टॅपेटचा टिकटिक आवाज वेगळा, वरून येतो. खालून येणारा जड आवाज बेरिंगचा. तो "रनिंगमध्ये जाईल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नये, जात नाही. गेज लावलं असेल तर गरम इंजिनाला ३००० आरपीएमला तीन किलोच्या वर आणि आयडलला एक किलोच्या आसपास दिसलं पाहिजे.

रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला, वीस मिनिटं झाली, की इंजिन बंद. पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे रात्रभरच. सकाळी कूलंट भरा (हमखास कमी झालेलं असतं), टॅपेट बघा. कंपनीचा आकडा थंड इंजिनाला ०.१३ ते ०.१८ मिमी. टॅपेट किंचित आवाज करणारे चालतील, घट्ट नकोत. नव्याने घासलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो तशी ही गॅप कमीच होते. घट्ट टॅपेटचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो, तोही आवाज न करता. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे की नाही हे गॅस्केटवर आहे: जुन्या पद्धतीच्या कंपोझिट गॅस्केटला लागतात, पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला नाही.

आता रस्ता, आणि इथेच "चाळीसच्या वर नको" हा सल्ला उलटा पडतो. रिंग बोअरला दाबली जाते ती स्वतःच्या ताणाने फार थोडी. खरा दाब स्फोटाचा. वायू रिंगेच्या वरून तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर बोअरवर रेटतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना हा रेटा आयडलच्या कितीतरी पट असतो. हलक्या पायाने चालवलं की रिंग बोअरवर नुसती तरंगते, मागे राहिलेलं ऑइल जळतं, रेघा भरून येतात. त्यात भर म्हणजे माणूस चाळीसला टॉपमध्येच असतो. टॉप गिअरमध्ये ८०० दर हजार आरपीएमला सुमारे २४ किलोमीटरचा वेग देते, म्हणजे चाळीसला इंजिन जेमतेम १७०० वर. त्यातून फ्लायओव्हर चढायला पाय दिला की इंजिन गुदमरतं, नव्या बेरिंगवर जड लोड आणि ऑइलचं प्रेशर कमी. नव्या इंजिनाला लोड हवा हे खरं, पण योग्य गिअरमध्ये.

तिसऱ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला सुमारे १६ किलोमीटर पडतात. म्हणून पहिले पन्नास किलोमीटर तिसऱ्यातच काम करायचं. गाडी दहा-बारा किलोमीटर सहज चालवून गरम करा. मग तिसऱ्यात ३० वर आणून अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याच्या पुढे, पाऊणपर्यंत दाबायचा, ५५ पर्यंत जाऊ द्यायचं (साडेतीन हजारांच्या जरा खाली), आणि पाय पूर्ण काढायचा. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही. इंजिनानेच गाडी परत ३० पर्यंत ओढून आणली पाहिजे. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जी पोकळी होते ती खालचं ऑइल रिंगांपर्यंत खेचते, घासलेलं लोखंड धुऊन नेते आणि रिंग थंड करते. असं दहा-बारा वेळा. मग पाच किलोमीटर सहज चालवायचं, पुन्हा दहा वेळा.

जागा महत्त्वाची. सीताबर्डीच्या सिग्नलांमध्ये हे होणार नाही. वाडी सोडल्यावर अमरावती रोडने बाजारगाव, पुढे कोंढाळीपर्यंत गेलं की मधे सौम्य चढउतार मिळतात. मागून ट्रक नाही हे आरशात बघूनच पाय काढायचा. काटोल रोडही चालेल, तिथे जड वाहनं कमी. समृद्धी महामार्ग मात्र या कामाला निरुपयोगी: एकाच वेगाने तासन्‌तास जाणं रनिंगला वाईट, आणि त्या रस्त्यावर मुद्दाम ३० वर येणं धोक्याचं. वेळ पहाटेची. मे महिन्यात दुपारी हवाच ४५ अंशांची असते, नवं घट्ट इंजिन आधीच जास्त उष्णता टाकत असतं, आणि रेडिएटरची शिल्लक ताकद संपते. पहिले पाचशे किलोमीटर दुपारी एसी लावून जामात उभं राहणं टाळाच. इंजिन बांधायचा मुहूर्त आपल्या हातात असेल तर तो दिवाळीनंतरचा घ्यावा, असं माझं मत.

पन्नास किलोमीटर झाले की गाडी गरम असतानाच पहिलं ऑइल काढायचं. गरम अशासाठी की कचरा तळाला बसलेला नसतो, ऑइलबरोबर बाहेर येतो. चेंबरच्या नटाला बहुधा १७ चा पाना लागतो. पांढरी प्लास्टिकची टोपली नाही तर स्वच्छ घमेलं खाली धरा आणि ते उन्हात ठेवा. या ऑइलचा रंग काळा नसतो. मधासारख्या रंगात करडी झाक असते, आणि टोपली हलवली की त्यात रेशमी चमक वळत जाते, चांदीचा रंग ढवळल्यासारखी. ही बोअर-रिंगांची टोकं आहेत, अगदी बारीक. दोन बोटांत चोळलं तर खरखर लागता कामा नये. खरखर लागली तर ती होनिंगची पूड, म्हणजे धुणं कमी पडलं. तेव्हा ऑइल आणि फिल्टर शंभर किलोमीटरवर पुन्हा बदला.

ही चमक फिल्टर का धरत नाही, असं विचारतात. दोन कारणं. साधा फिल्टर वीस-पंचवीस मायक्रॉनच्या वरचं धरतो, याहून बारीक कण आरपार जातात. शिवाय प्रत्येक थंड स्टार्टला, ऑइल जाड असताना, फिल्टरची बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच बेरिंगकडे जातं. फिल्टर तेवढा बदलून ऑइल ठेवणं म्हणजे अर्धं काम.

काढलेला फिल्टर फेकू नका, कापा. हॅक्सॉने नाही, ब्लेडचाच भुसा आत पडतो आणि मग तो इंजिनाचा वाटतो. पत्रा कापायची कात्री किंवा फिल्टर कटर घ्या. आतला कागद घडी उलगडून काढा, पाठीला पाठ लावून व्हाइसमध्ये पिळा, आणि उन्हात धरा. सिलिकॉनचे लाल-करडे धागे दिसतील. ते जास्त असतील तर चेंबरला सिलिकॉन वाजवीपेक्षा जास्त लावलंय आणि पंपाच्या गाळणीवरही थोडं गेलं असणार. ऑइल प्रेशरवर लक्ष ठेवा. कापडाचे तंतू दिसतील. बारीक चंदेरी पूड दिसेल. तिच्यावर कागदाआडून चुंबक फिरवा: चिकटली तर लोखंड, बोअर-रिंगांचं, या टप्प्यावर अपेक्षितच. न चिकटणारे, नखाने उचलता येतील असे चपटे चंदेरी पापुद्रे असतील तर ते बेरिंगचं किंवा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तांबूस कण म्हणजे बेरिंगचा खालचा थर उघडा पडला. यातलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, चेंबर उतरवून एक-एक बेरिंग बघा. आत्ता बेरिंगचा सेटच जाईल, नंतर क्रँकही.

नट परत लावताना वॉशर नवा. जुना वॉशर बसला नाही की गळतं, गळतं म्हणून लोक नट कसतात, आणि चेंबरची चूडच (आटे) जाते. कंपनीचा टॉर्क (कसायचा जोर) साडेतीन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लांब पाइप लावून झुकायची गरज नाही. काढलेलं ऑइल गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, रीसायकलवाले नेतात. नालीत ओतलेलं नाग नदीत जातं, आणि सेंट्रिंगच्या पाट्यांना फासणंही काही भलं नाही.

पन्नासनंतर पाचशेपर्यंत गाडी रोजच्या वापरात घ्या. टॉपमध्ये ८० म्हणजे साधारण ३३०० आरपीएम, तेवढी मर्यादा पुरे. वेग बदलता ठेवा, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको, टॉपमध्ये ४५ च्या खाली ओढू नका, ओझं ओढायला लावू नका. दर दोनशे किलोमीटरला सकाळी, थंड इंजिन, सपाट जागा, पट्टी. ऑइल थोडं कमी होईल. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर असतं, त्याच्या पाव-चतकोरीएवढं पहिल्या हजारात गेलं तर घाबरायचं कारण नाही. बघायचं ते हे की कमी होण्याचा वेग उतरतोय का.

पाचशेवर दुसरं ऑइल आणि फिल्टर. आता चमक जवळजवळ गेलेली असते. ती पहिल्याइतकीच असेल तर काहीतरी अजून घासतंय. याच वेळी टॅपेट, कूलंट, क्लॅम्प, अल्टरनेटरचा बेल्ट, इंजिन माउंटिंगचे बोल्ट. आणि कॉम्प्रेशन: गरम इंजिन, तिन्ही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघा, तो एक किलोच्या आत हवा. एक सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा: आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

तिसरं ऑइल पंधराशेवर, तेही मिनरलच. तीन वेळचं ऑइल आणि फिल्टर मिळून जो खर्च होतो तो पिस्टन, लेथ आणि मजुरीच्या बिलापुढे किरकोळ आहे, तरी लोक नेमका इथेच हात आखडतात.

पंधराशेनंतरही धूर असेल तर कधी येतो ते बघा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक निळा झोत आणि मग साफ: व्हॉल्व्ह सील. उतारावर बराच वेळ पाय काढून मग अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर झोत: सील किंवा गाइड. चढावर लोड देताना सतत निळा आणि प्लग ओले: रिंगा. पांढरा, न थांबणारा, आणि कूलंट कमी: हेड गॅस्केट. इंजिन उघडायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरातला वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवून बघा. तो तुंबला असेल तर चेंबरात दाब साठतो, सीलांमधून ऑइल बाहेर येतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल जमतं, आणि दोष बिचाऱ्या रिंगांवर जातो. स्वस्तातला भाग आहे, बांधतानाच बदलून टाकावा.

रिंगाच बसल्या नाहीत असं ठरलं, तर ऑइल बदलून किंवा औषध घालून त्या बसत नाहीत. आणखी दोनशे किलोमीटर वरच्या पद्धतीने लोड देऊन बघा, कधी कधी थर उशिरा फुटतो. नाहीच झालं तर हेड-चेंबर उतरवून बोअरला पुन्हा हलका होन, नव्या रिंगा आणि धुण्यापासून सगळं परत. पिस्टन-बेरिंग तीच चालतात.

सगळं ठीक असेल तर पंधराशेनंतर वेगाची मर्यादा हळूहळू सोडा आणि ऑइल पाच हजारांवर काढा. त्या मधल्या काळात ऑइलची घट थांबलेली असली तरच सेमी-सिंथेटिक किंवा सिंथेटिकचा विचार करा, तेही १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५०. ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल या इंजिनाच्या क्लिअरन्ससाठी नाहीच, डब्यावर कितीही अ‍ॅव्हरेज छापलेलं असो. टॅपेट पाच हजारांवर आणखी एकदा बघा. एक्झॉस्टची गॅप त्यानंतर फारशी हलत नाही.